लांगे तिला कुंदा म्हणतो

ड्रेस्डेन, ४ मे

प्रिय नीला,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत, माझं बीपीसुद्धा. पत्र लिहितोय ते एवढ्यासाठीच की व्हिडिओ कॉलवर तुझ्याशी बोलणं म्हणजे सभेत बोलणं झालंय. तुझ्या बाजूला सत्यजित, सुरुची आणि रडणारा वेद. माझ्या बाजूला सुकन्या, जावईबापू आणि उर्जा. सगळे एकदम बोलतात आणि 'बरं, ठेवते' एवढंच काय ते माझ्या वाट्याला येतं. मुलांनी आईबापांची वाटणी मात्र झकास केली. सुनेच्या बाळंतपणाला तू स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, आणि नातीला शाळेतून आणायला मी इकडे ड्रेस्डेनला. नव्वद दिवसांच्या व्हिसात दोन्ही घरं निघाली. माझी तक्रार नाही. उर्जा मराठीत विचारलेल्याचं उत्तर जर्मनमध्ये देते आणि मी मान डोलावतो, असं आमचं चांगलं जमतं. आयुष्यभर फ्रेंच शिकवली, पण इथे तिचा उपयोग पुण्यातल्यापेक्षाही कमी. तिथे निदान पोरांना दहावी-बारावीत मार्क तरी मिळायचे.

परवा कॉलवर तुझ्या मागे कोणीतरी पुरुष हसला. सत्यजित नव्हता, तो तर कॅमेऱ्यात दिसत होता. तू म्हणालीस, "खालचे हेर लांगे, शिडी न्यायला आलेत." हेर म्हणजे इथे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे, हे मला उर्जानं समजावलं. शिडीची हकीकत मग सत्यजितनं सांगितली. तू वेदला ओवा-वावडिंगाची धुरी दिलीस, छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं आणि खालच्या मजल्यावरचा हा गृहस्थ शिडी घेऊन धावत आला. बाळाला धुरी द्यायची तर निदान खिडकी उघडावी, एवढं तुला कोणी सांगितलं नाही का? असो. धावून आला, बरं झालं. वय काय म्हणालीस त्यांचं? सत्यजितच्या म्हणण्याप्रमाणे सत्तरी, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त, बायको वारलेली. आडनाव आपल्याकडचं वाटतं. मी उगाचच विचारतोय.

तू ज्याला 'तुमचा सरदार' म्हणतेस त्या माझ्या फ्रेंच उमरावाचं भाषांतर जोरात चालू आहे. दरबारात आयुष्य काढून, लोकांचं मुजरे करणं आणि पाठ फिरल्यावर नाक मुरडणं पाहून त्यानं ही दोन-दोन ओळींची वचनं लिहिली. आज एक मराठीत उतरवलं: 'ज्या माणसाची आपण उगाच चौकशी करतो, त्याचा आपण आधीच पुष्कळ विचार केलेला असतो.' कसं वाटतं? 'उगाच' शब्द मला अजून पटत नाही.

तुझा,
रमेश


ड्रेस्डेन, १८ मे

प्रिय नीला,

पत्राचं उत्तर पत्रानं देतात. तू मोबाइलवर एक ओळ पाठवलीस: 'वेद बरा आहे, लांगे भले गृहस्थ आहेत.' वेदची खुशाली कळली, हे बरं झालं. पण दुसऱ्या अर्ध्या वाक्याची एवढी घाई नव्हती.

सुरुचीनं पाठवलेला फोटो सुकन्यानं दाखवला. लांग्यांच्या बागेतला. उर्जाकडून कळलं की इथे लोक शहराच्या कडेला जमिनीचा तुकडा भाड्यानं घेतात, त्यात भाजी लावतात आणि एक खोपटं बांधून रविवारी तिथे बसतात. तर त्या तुकड्यात तू उभी. डोक्यावर गवताची टोपी, हातात कसलेतरी लाल देठ आणि तोंड उघडून हसतेस. दात दिसतायत तुझे. नीला, आपल्या लग्नाच्या अल्बमपासून सत्यजितच्या लग्नाच्या अल्बमपर्यंत एकाही फोटोत तुझे दात दिसत नाहीत. तू नेहमी पदर नाहीतर हात तोंडावर धरतेस. मी कितीदा म्हणालो असेन, "हात काढ", तेव्हा तू म्हणायचीस, "असू दे हो."

आणि ही टोपी कुणाची? नवी दिसत नाही.

मी जळत नाही. जळायला काही कारण तर हवं. एक निवृत्त माणूस शेजारणीच्या सासूला देठ तोडायला बोलावतो, यात वाईट काय? उलट बाळंतिणीच्या घरातून तुला घटकाभर मोकळी हवा मिळते, याचा मला आनंदच आहे. फक्त मला आश्चर्य असं वाटतं, की पुण्यात गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घाल म्हटलं की तुझी कंबर दुखायची. मी सुकन्याला म्हणालो तसं. ती म्हणाली, "बाबा, कुंड्या तुमच्या होत्या. पाणी आईनं घालायचं होतं." तिचं बोलणं मला कळलं नाही.

पुढच्या महिन्यात इथे पेंटेकॉस्ट नावाच्या ख्रिस्ती सणाची सुट्टी आहे. तू ये ना दोन दिवस. एल्बे नदीच्या काठानं फिरू. बाळाला सुरुचीची आई बघेल, ती येणारच आहे ना?

सरदार म्हणतो: 'एखादी गोष्ट आपली आहे याची आठवण आपल्याला दुसऱ्यानं तिच्याकडे पाहिल्यावर होते.' हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही, क्रमानं आलं.

तुझा,
रमेश


ड्रेस्डेन, २९ मे

नीला,

कालच्या कॉलमध्ये तू स्वयंपाकघरात होतीस आणि फोन टेबलावर उभा करून ठेवला होतास. खिडकीतून खालून हाक आली: "कुंदा! कुंदा, कोमेन झी?", म्हणजे येताय का, आणि तू ताडकन उठलीस. मला 'आले हं' म्हणालीस की त्याला, तेही कळलं नाही. मग मी दहा मिनिटं तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो.

कुंदा!

ते नाव तुझी आई गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं. तुझा भाऊ ताई म्हणतो, मुलं आई म्हणतात, बँकेतले लोक मिसेस आगटे म्हणायचे. त्या नावानं तुला हाक मारणारं माणूस जगात उरलं नव्हतं, आणि आता निघालं ते थेट त्सुफेनहाउझेनला.

लग्नात ताटात तांदूळ पसरून मी अंगठीनं 'नीला' लिहिलं होतं. तुझ्या मावश्या ताटावर वाकून वाचत होत्या आणि माझी बहीण म्हणाली होती, "दादानं किती मॉडर्न नाव शोधलंय!" आठवतं? महिनाभर शोधलं होतं मी ते नाव. त्या काळी सगळेच बदलायचे, तो काही माझ्या एकट्याचा शोध नव्हता. आणि तुला आवडलंही होतं. नाही म्हणाली नव्हतीस. पासपोर्टवर नीला, व्हिसावर नीला, पेन्शनच्या कागदावर नीला. आणि एक माणूस शिडी घेऊन येतो आणि तो सरळ माहेरच्या नावानं हाक मारतो!

सत्यजितला विचारलं. तो म्हणाला, "अहो बाबा, पहिल्याच दिवशी त्यांनी आईला नाव विचारलं आणि ती कुंदा म्हणाली. मला वाटलं निकनेम असेल." निकनेम! मुलाला आईचं जन्माचं नाव माहीत नाही. आणि लांग्याला माहीत.

मी आता स्पष्ट लिहितो, कारण सभ्यपणा करून काही होत नाही. मला मत्सर वाटतो. बागेचा नाही, टोपीचा नाही, त्या देठांचाही नाही. मला त्या नावाचा मत्सर वाटतो. तू ते माझ्यापासून कुठेतरी जपून ठेवलं होतंस आणि अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत काढून दिलंस.

सरदाराचं एक वचन मी वर्गात फळ्यावर लिहायचो: 'मत्सराला माणूस त्याच्या खऱ्या नावानं कधी बोलावत नाही, त्याला तो काळजी म्हणतो, तत्त्व म्हणतो, कधी प्रेमही म्हणतो.' मुलं उतरवून घ्यायची. मी समजावूनही सांगायचो.

मी येतोय. सुट्टीला तू येणार नाहीस हे सुकन्यानं सांगितलं. मग मीच येतो. सत्यजितला सांगू नकोस.

रमेश


ड्रेस्डेन, १० जून

नीला,

स्टुटगार्टहून परत येताना गाडी दोनदा थांबली, एकदा उगाचच. मला बरंच वाटलं. घरी पोचून सुकन्याला तोंड दाखवायला मी तयार नव्हतो.

तू काल काही बोलली नाहीस म्हणून काय झालं ते मीच लिहितो. म्हणजे तुझ्या मनात जे असेल त्याच्याशी ताडून बघता येईल.

मी दिवस न कळवता आलो. घरात सुरुची म्हणाली, "आई बागेत आहेत, लांग्यांकडे कॉफी आहे." सत्यजित मला घेऊन आला. खोपट्यापुढे टेबल, शेजारच्या बागांमधली चार-पाच म्हातारी माणसं, मधोमध केक आणि तू. मला बघून तू उठलीस. चेहऱ्यावर आनंद होता, हे मी खोटं सांगणार नाही. तू म्हणालीस, "अहो, या ना, बसा." लांगे उठला, हात पुढे केला, चांगला घट्ट दाबला. उंच आहे, माझ्याहून बराच. आणि मग तो सगळ्यांना म्हणाला, हा कुंदाचा नवरा.

कुंदाचा नवरा!

मी बसलो नाही. मी इंग्रजीत, मोठ्यानं, वर्गात बोलतात तसं म्हणालो, "माफ करा, हिचं नाव कुंदा नाही. हिचं नाव नीला. पासपोर्ट बघा हवा तर." एका बाईनं काट्यावरचा केक परत बशीत ठेवला. लांगे लाल झाला. त्यानं आधी तुझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. म्हणाला, "आख सो. एंटशुल्डिगुंग." म्हणजे, असं होय, माफ करा. आणि पुढचा सगळा वेळ तो तुला फ्राऊ आगटे, म्हणजे मिसेस आगटे, म्हणत राहिला. फ्राऊ आगटे, अजून कॉफी? फ्राऊ आगटे, दूध?

जे मला हवं होतं तेच झालं. कुंदा गेली. पण नीलाही कोणी म्हणालं नाही. तू कप गोळा केलेस आणि बागेतल्या नळावर धूत बसलीस. धुतलेले कप पुन्हा धूत होतीस. मी जवळ आलो तर म्हणालीस, "पाणी उडेल अंगावर."

सत्यजित गाडीत म्हणाला, "बाबा, काय गरज होती? तिचं तिथे बरं चाललं होतं." मी म्हणालो, तुला कळायचं नाही. पोरगा सिग्नलला गाडी थांबवून म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. मला नाहीच कळत."

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. निघायच्या आधी लांगे मला फाटकापर्यंत सोडायला आला. मला वाटलं, भांडेल. मी वाट बघत होतो. तर तो म्हणाला, "तुम्ही लिहिता ती वाक्यं फार छान आहेत, हेर आगटे. तुमची पत्नी आम्हाला गवत काढता काढता रोज एक सांगते. प्रत्येक वेळी म्हणते, माझा नवरा म्हणतो." आणि त्यानं मला सरदाराची तीन वचनं इंग्रजीत म्हणून दाखवली. एक असं: 'दुसऱ्याचा दोष दिसायला डोळे पुरतात, आपला दिसायला साक्षीदार लागतो.' त्या माणसाला वाटतं ती माझीच आहेत. त्याला वाटतं मी मोठा माणूस आहे.

नीला, मला वाटायचं तू ऐकत नाहीस. मी जेवताना बोलायचो आणि तू भात वाढायचीस. तू सगळं ऐकलं होतंस. पाठ केलं होतंस. आणि मी तिथे येऊन तुला तुझ्या माणसांसमोर खोटं पाडलं.

तरी खरं सांगू? फाटकापासून स्टेशनपर्यंत मला एकच वाटत होतं, की ती वचनं तू मला का म्हणून दाखवली नाहीस. त्याला का.

रमेश


ड्रेस्डेन, २८ जून

प्रिय

पुढे काय लिहायचं ते कळेना, म्हणून तसंच सोडलं.

तू फोन घेत नाहीस. सुकन्यानं काल चहा ठेवता ठेवता सांगितलं, "बाबा, आईनं विमानातली सीट बदलून घेतलीय. फ्लाइट तीच, पण तुमच्या शेजारी नाही, पुढे कुठेतरी. आणि मुंबईला उतरल्यावर ती सरळ सांगलीला मामाकडे जाणार आहे. पुण्याला नाही." मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "तेवढं तिनं सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही."

मला या वयात एकट्याला पुण्याच्या घराचं कुलूप उघडायचं नाही. हे मी पहिल्यांदा लिहितो, कारण आजवर तशी वेळच आली नाही. दार उघडलं की तू पुढे जाऊन खिडक्या उघडायचीस आणि मी बॅगा घेऊन दारातच उभा असायचो. आता मला तुझ्या भावाचा हेवा वाटतो. विमानात तुझ्या शेजारी जो कोणी बसेल त्याचा वाटतो. काय हे माझं होऊन बसलंय!

काल आंघोळीच्या वेळी, नळ सोडून, मी 'कुंदा' म्हणून बघितलं. जमत नाही. परक्या बाईला हाक मारल्यासारखं वाटतं. मला भेटण्याआधी तेवीस वर्षं ती पोरगी सांगलीत होती, नदीवर जात होती, कुणीतरी तिला त्या नावानं ओरडत असेल. तिला मी पाहिलेलंच नाही. बघायला आलो तेव्हा तू नाव सांगितलं होतंस, ते मी ऐकलं आणि दोन महिन्यांत बदलून टाकलं. लांग्याला ती पोरगी भेटली. दात दाखवून हसणारी तीच असणार. मी जळतो तो याच्यासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

मी एक केलंय. उर्जाकडून जर्मन शब्द विचारून लांग्यांना पत्र टाकलंय. लिहिलं की माझं चुकलं, आणि तुम्ही माझ्या पत्नीला कुंदा म्हणायला माझी काही हरकत नाही, अवश्य म्हणावं. लिहायला जड गेलं, पण लिहिलं. तुला बरं वाटेल असं मला वाटतं.

सीट परत बदलता येते. सत्यजितला सांगितलं तर तो पाच मिनिटांत करेल. सांगलीचंही थोडं पुढे ढकल. पाहिजे तर मीही येतो तिकडे, तुझ्या भावाच्या ओसरीवर बसून राहीन. काहीतरी कळव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझा,
रमेश


त्सुफेनहाउझेन, ४ जुलै

अहो,

तुमची सगळी पत्रं मिळाली. सुरुचीनं वेदच्या कपड्यांच्या खणात ठेवली होती, त्यामुळे त्यांना पावडरचा वास लागलाय. मला असं लांबलचक लिहिता येत नाही. पेन्शन सुरू झाल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही.

लांग्यांनी तुमचं पत्र आणून दाखवलं. ते गोंधळले होते. म्हणाले, तुमचे यजमान मला परवानगी देतायत, पण ती मला त्यांच्याकडून घ्यायची आहे की तुमच्याकडून? मला हसू आलं, मग रडू आलं. मग वेद रडायला लागला, तेव्हा ते राहून गेलं.

तुम्हाला वाटतं तसं काही नाही, हे मी लिहिणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे. लांग्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली आणि ते अजून दोन कप मांडतात. मी तिथे गवत काढते कारण तिथे कुणी मला काही काढायला सांगत नाही. ती टोपी त्यांच्या बायकोची. आणि वचनं तुम्हाला का म्हणून दाखवली नाहीत, तर तुम्ही ती मला ऐकवत होतात, मी कधी मध्ये बोलायचं?

नीला नाव मला आवडतं. चाळीस वर्षं त्याच नावानं सह्या केल्या, आता कुठे टाकणार? कुंदाही आवडतं. दोन्ही माझीच आहेत. तुम्ही मला दोन्हीपैकी कशानंही हाक मारा, किंवा नेहमीसारखं 'अगं' म्हणा, माझं काही बिघडत नाही. पण ताटात तांदूळ पसरले तेव्हा तुम्ही मला विचारलं नाहीत. बागेत सगळ्यांसमोर बोललात तेव्हा विचारलं नाहीत. आणि आता लांग्यांना परवानगी दिलीत, तीही मला न विचारता. त्या माणसानं शिडीवरून उतरल्यावर विचारलं, तुम्हाला काय म्हणू? माझ्या तोंडून कुंदा निघालं. का निघालं ते मलाही माहीत नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून सवय नव्हती.

सांगलीला जायचं की नाही ते मुंबईला उतरल्यावर ठरवेन. सीट परत बदलायला मी सत्यजितला सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. पुढच्या रांगेत माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, त्यानं नकाशात दाखवली. विमान वर गेलं की पट्टा सोडून या. उभे राहा आणि आधी विचारा. मी हो म्हणाले तर बसा.

बीपीची गोळी सकाळीच घ्या, दुपारी नाही.

वेदची आजी